ओरु प्रेतु : वारसा कोणी खणला, कोणी जपला?

ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतात, डोंगरांच्या घळीत, ओरु प्रेतु हे नगर वसलेले आहे. नावाचा अर्थ काळे सोने. सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात येथील ओढ्यांच्या वाळूत जे सोन्याचे दाणे सापडले त्यांच्यावर काळसर थर होता; त्यावरून हे नाव पडले. १७११ साली विखुरलेल्या खाण-वस्त्या एकत्र करून येथे नगर स्थापन झाले, तेव्हा त्याला व्हिला रिका, म्हणजे श्रीमंत नगरी, म्हणत. ओरु प्रेतु हे नाव अधिकृत झाले ते १८२३ साली. १९८० मध्ये युनेस्कोने या नगराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. ब्राझीलमधील हा मान मिळविणारे हे पहिलेच स्थळ. जुन्या खाण-नगरांचे जतन कसे करावे याची चर्चा निघाली की ओरु प्रेतुचा दाखला हमखास दिला जातो. पांढऱ्या भिंतींची कौलारू घरे, दगडगोट्यांनी बांधलेले चढ-उतार, टेकडी-टेकडीवर उभे असलेले एकेक देवालय, आत वेदीवर सोन्याचा मुलामा : चित्रसंग्रहांतून हे दृश्य सर्वदूर पोहोचले आहे.

मी ते नगर पाहिलेले नाही. माझी त्याच्याशी ओळख झाली ती पुस्तकांतून, छायाचित्रांतून आणि शब्दकोश शेजारी ठेवून अडखळत वाचलेल्या एका दीर्घ काव्यातून. तेव्हा शहराची समीक्षा करण्याचा मला काय अधिकार, असे कोणी विचारील. पण वारसा म्हणून जाहीर झालेले शहर हीदेखील एक संपादित संहिता असते. कोणीतरी तिच्यातील काही ओळी ठेवतो, काही गाळतो, काहींना ठळक अक्षरांत छापतो. संपादकाने काय ठेवले आणि काय गाळले हे पाहणे समीक्षेच्या कक्षेबाहेरचे मानता येणार नाही.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. सोन्याची वार्ता पसरताच पोर्तुगालमधून आणि ब्राझीलच्या किनाऱ्यावरून माणसांचा लोंढा या डोंगरांत आला, आणि त्यांच्या मागोमाग आफ्रिकेतून साखळदंडांत बांधून आणलेली माणसे आली. १७३० च्या दशकात मिनास प्रांतातील गुलामांची संख्या लाखाच्या घरात होती. पश्चिम आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्याला पोर्तुगीज ‘मिना’ म्हणत, तेथील माणसांना खाणमालक अधिक किंमत देत. कारण सोने धुण्याचे आणि ओळखण्याचे ज्ञान ती माणसे आपल्या देशातून घेऊनच आली होती. केवळ त्यांचे बाहू विकत घेतले गेले नव्हते, हे येथे ध्यानात ठेवावे. निघालेल्या सोन्याचा पाचवा हिस्सा राजाचा. १७५० पासून तर वर्षाला १०० अरोबा, म्हणजे सुमारे १,५०० किलो सोने राजाच्या तिजोरीत पडलेच पाहिजे असा दंडक झाला. तूट आली तर ती साऱ्या प्रजेकडून सक्तीने वसूल करण्याची तरतूद होती. लिस्बनजवळचा माफ्राचा प्रचंड राजवाडा आणि मठ याच सोन्यावर उभा राहिला. एक गोष्ट सहज मनात येते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा लिस्बनच्या त्याच दरबारात ब्राझीलचे सोने ओसंडत होते. आपल्या किनाऱ्यावरील पोर्तुगीज सत्तेचा सूर्य मावळत असताना पलीकडे व्हिला रिका दिमाखात उभे राहत होते.

या नगराच्या धर्मजीवनात एक विशेष होता. राजाने मिनास प्रांतात धर्मसंघांना मठ स्थापन करण्यास बंदी घातली होती. सोन्याच्या चोरट्या व्यापाराचा संशय हे त्याचे एक कारण. त्यामुळे देवालये बांधण्याचे काम प्रापंचिकांच्या बंधुसंघांकडे आले. आपल्याकडील गावोगावच्या कॉन्फ्रारिया ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही व्यवस्था परकी वाटणार नाही. मात्र तेथे बंधुसंघांची विभागणी वर्णानुसार होती : गोऱ्यांचे वेगळे, मिश्रवर्णीयांचे वेगळे, काळ्यांचे वेगळे. रोझरी माता, संत एफिजेनिया, संत बेनेदितु हे काळ्यांच्या बंधुसंघांचे आश्रयदाते. आजारपणात मदत, मृत्यूनंतर सन्मानाने दफन, क्वचित एखाद्याची गुलामीतून सुटका करण्यासाठी पैसा उभा करणे, ही त्यांची कामे. ज्याला स्वतःच्या देहावर अधिकार नव्हता, त्याला बंधुसंघाच्या वहीत स्वतःचे नाव होते.

२४ मे १७३३ रोजी व्हिला रिकाच्या रस्त्यांवरून एक मिरवणूक निघाली. पिलार मातेचे नवे देवालय पूर्ण होत आले होते. बांधकामाच्या काळात परमपवित्र साक्रामेंत ठेवले होते ते काळ्यांच्या बंधुसंघाच्या रोझरी मातेच्या देवालयात. तेथून ते वाजतगाजत नव्या देवालयात नेण्यात आले. रूपके धारण केलेले घोडेस्वार, रत्नजडित वेष, वाद्ये, ध्वज, तोरणे, या साऱ्याचे वर्णन सिमांव फेरेइरा माशादु याने लिहिले आणि ते दुसऱ्या वर्षी लिस्बनला छापून निघाले. सोन्याच्या नगरीच्या वैभवाचा हा पहिला छापील दस्तऐवज. त्याच्या मुखपृष्ठावर एक गोष्ट स्पष्ट नोंदलेली आहे, आणि चित्रसंग्रहांच्या प्रस्तावनांतून तीच नेमकी निसटते : हे पुस्तक रोझरी मातेला अर्पण केले आहे ते काळ्या बंधूंनी, आणि त्यांच्याच आग्रहावरून ते लोकांसमोर आले आहे. पिलारच्या वेदीची झळाळी गोऱ्यांची; पण त्या दिवसाची आठवण टिकावी म्हणून झटला तो काळ्यांचा बंधुसंघ. आपल्या देवालयात साक्रामेंत वसले होते हे जगाला कळावे, एवढीच कदाचित त्यांची इच्छा असेल. वारसा-जतनाचा या नगरातील पहिला प्रयत्न म्हणून मी त्याच पुस्तकाकडे बोट दाखवीन.

पुढे सोने सरले. १८९७ मध्ये प्रांताची राजधानी नव्याने वसविलेल्या बेलु ओरिझोंतिला गेली. कचेऱ्या गेल्या, सधन कुटुंबे गेली, घरे ओस पडली. दारिद्र्याने जे केले ते नंतरच्या कोणत्याही कायद्याला साधले नसते. नवे बांधायला पैसाच नव्हता, म्हणून जुने उभे राहिले. १९२४ च्या पवित्र आठवड्यात साव पावलोचे काही तरुण लेखक-कलावंत मिनासची जुनी नगरे पाहावयास आले. त्यांत मारिओ द आंद्रादे होते, ओस्वाल्ड द आंद्रादे होते, चित्रकर्ती तार्सिला दु आमाराल होती आणि फ्रेंच भाषेत लिहिणारा कवी ब्लेझ सांद्रार हा पाहुणा होता. युरोपच्या अनुकरणाला कंटाळलेल्या या आधुनिकांना येथे आपला स्वतःचा भूतकाळ सापडल्यासारखे वाटले. आधुनिकतेचा झेंडा घेऊन निघालेल्यांनी जुन्या देवालयांच्या जतनाचा ध्यास घ्यावा, हा ब्राझीलच्या वाङ्मयेतिहासातील मोठा मनोज्ञ भाग आहे. १९३३ मध्ये, त्या मिरवणुकीनंतर बरोबर २०० वर्षांनी, ओरु प्रेतुला राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित करण्यात आले.

येथपर्यंत सारे प्रशंसनीय आहे. प्रश्न उद्भवतो तो यापुढे. १९३६ मध्ये मारिओ द आंद्रादे यांनी राष्ट्रीय वारशाच्या रक्षणासाठी एक आराखडा तयार केला. त्यात वास्तू आणि मूर्ती तर होत्याच; पण लोकगीते, लोककथा, पाककृती, आदिवासींच्या वस्तू, हातांचे कसब यांनाही त्यांनी वारशात स्थान दिले होते. १९३७ साली प्रत्यक्ष जो कायदा झाला त्यात ही व्याप्ती आकसली. दगड-विटांचे, धरून ठेवता येईल असे जे होते ते उरले. गाणे, नाच, घंटानाद बाहेर राहिले. १९३८ मध्ये ओरु प्रेतुची नोंद झाली. संरक्षित वारशासाठी सरकारी वह्या वेगवेगळ्या होत्या : एक इतिहासाची, एक पुरातत्त्व, लोकजीवन आणि निसर्गदृश्य यांची, आणि एक ललित कलांची. ओरु प्रेतु लिहिले गेले ललित कलांच्या वहीत. इतर दोन वह्यांत त्याचे नाव चढायला १९८६ उजाडावे लागले.

हा केवळ कारकुनी तपशील म्हणून सोडून देता येत नाही. जे गाव खाणीसाठी वसले, खाणीवर जगले आणि खाण संपल्यावर झिजले, ते ४८ वर्षे एक कलाकृती म्हणून नोंदलेले राहिले. कलाकृतीला दर्शनी बाजू असते, मजूर नसतात. तेव्हा जपली गेली ती दर्शनी बाजू. नवी घरेसुद्धा अठराव्या शतकाचा वेष घालून उभी राहू लागली, म्हणजे चित्र बिघडू नये. गावाखालची भुयारे, धुलाईचे पाट, पाणी साठविण्याची दगडी कुंडे, डोंगरावरील पडक्या वस्त्या यांना कलेच्या वहीत रकानाच नव्हता. त्या काळच्या जाणकारांनी हे हेतुपुरस्सर केले असा माझा आरोप नाही. कोसळू पाहणारी देवालये आधी सावरली पाहिजेत, ही त्यांची निकड समजण्यासारखी आहे. पण निकडीतून केलेली निवड पुढे दृष्टी बनते, हेही खरे. आपणही वसईच्या किल्ल्यात संत योसेफाच्या देवालयाचा मनोरा पाहून थबकतो, पोर्तुगीज शिलालेखावरून बोट फिरवितो. पण तो दगड घडविणारा पाथरवट कोण होता, हा प्रश्न आपल्या सहलींत क्वचितच विचारला जातो.

आणि ललित कलेच्याच वहीत राहावयाचे म्हटले तरी ती वही नीट वाचली गेली आहे काय? ओरु प्रेतुच्या कलेचा मेरुमणी म्हणजे आंतोनिओ फ्रान्सिस्को लिस्बोआ, लोकांच्या तोंडी ‘आलेइजादिन्यु’, म्हणजे बिचारा पांगळा. बाप पोर्तुगीज वास्तुकार, आई आफ्रिकी गुलाम. दुर्धर रोगाने त्याची बोटे झडत गेली तरी तो घडवीत राहिला. १७६६ मध्ये सुरू झालेले संत फ्रान्सिस असिसीकरांचे देवालय ही त्याची कीर्तिशिला. ते गोऱ्यांच्या तृतीय संघाचे देवालय; वर्णाच्या कसोटीवर त्या संघाची दारे त्याच्यासारख्याला बंद होती. त्याच देवालयाच्या छतावर मनुएल दा कोस्टा अताइद याने पवित्र मरियेचे जे चित्र रंगविले, तिचा चेहरा लिस्बनचा नाही. सावळ्या, मिश्र रक्ताच्या मिनासच्या स्त्रीचा तो चेहरा आहे. गोऱ्यांच्या संघाने गुडघे टेकून वर पाहावे आणि वर आपल्या स्वयंपाकघरातील बाईची ठेवण दिसावी, यातील अर्थ कोणत्याही चित्रसंग्रहाच्या तळटिपेत मावणारा नाही.

आधुनिकांनी आलेइजादिन्युला एकाकी प्रतिभावंत म्हणून उचलून धरले. ते स्वाभाविक होते. त्यांना राष्ट्राचा पहिला कलावंत हवा होता. परंतु १८५८ मध्ये रोद्रिगु ब्रेतास याने लिहिलेले त्याचे पहिले चरित्र पाहावे. त्यात अतिरंजन बरेच आहे, असे इतिहासकार म्हणतात. तथापि एक तपशील मनातून जात नाही. बोटे गेल्यावर छिन्नी आणि हातोडा त्याच्या हातांना बांधून देण्याचे काम मॉरिसियो नावाचा एक जण करी, आणि तो स्वतः कोरीव काम जाणणारा होता. तो आलेइजादिन्युचा गुलाम होता. गुलाम आईच्या पोटी जन्मलेल्या कलावंताचे स्वतःचे गुलाम होते! कोंगोन्यास येथील संगजिऱ्याच्या मऊ दगडातील १२ संदेष्टे पाहताना जग आलेइजादिन्युच्या झडलेल्या बोटांची कथा सांगते. ती हत्यारे बांधणाऱ्या धडधाकट बोटांची कथा कोणी सांगत नाही. प्रतिभेच्या पूजेत हात विसरले जातात. खाण-नगराच्या वारशात तर हात विसरणे हा मूलभूत दोष मानावा लागेल.

कलेकडून इतिहासाकडे वळले की ओरु प्रेतुच्या मध्यवर्ती चौकात आपण पोहोचतो. १७८९ मध्ये सक्तीच्या वसुलीची टांगती तलवार असताना येथील काही कवी, धर्मगुरू, लष्करी अधिकारी आणि धनिक यांनी पोर्तुगालविरुद्ध उठाव रचला. तो फुटला. खटल्याच्या कागदांनी त्याला ‘इन्कॉन्फिदेन्सिया’, म्हणजे निष्ठाभंग, असे नाव दिले आणि देशभक्तांनी पुढे तेच नाव अभिमानाने मिरविले. गोव्यातील कांदोळीचा पिंटोंचा कट याच्या दोनच वर्षे आधीचा, आणि तेथेही धर्मगुरू आघाडीवर होते. एकाच साम्राज्याच्या दोन टोकांना एकच अस्वस्थता पेटली होती, याची आपल्या अभ्यासकांनी अधिक दखल घ्यावयास हवी. मिनासच्या कटातील एकालाच शेवटी फाशी झाली. दात काढण्याचा व्यवसाय केल्यामुळे ‘तिरादेंतिस’ म्हटला जाणारा तो दुय्यम लष्करी अधिकारी. २१ एप्रिल १७९२ रोजी रिओ येथे त्याला मारून देहाचे तुकडे करण्यात आले आणि मस्तक व्हिला रिकाच्या चौकात टांगण्यात आले. बाकीच्यांची आफ्रिकेत किंवा पोर्तुगालमध्ये रवानगी झाली. कवी तोमास आंतोनिओ गोन्झागा मोझांबिकला गेला. ते १७५२ पर्यंत गोव्याच्या अमलाखाली होते.

१८८९ मध्ये प्रजासत्ताक आल्यावर तिरादेंतिसला राष्ट्रनायक करण्यात आले, आणि चित्रकारांनी त्याला दाढी, लांब केस, शुभ्र झगा दिला. कैद्याचे केस भादरले जात. शिपायाला तशी दाढी राखता येत नसे. पण ख्रिस्ताशी साम्य साधावयाचे होते. पेद्रु आमेरिकु याच्या १८९३ च्या चित्रात तर छिन्न देहाची मांडणी वेदीवरच्या बलीसारखी आहे आणि मस्तकाशेजारी क्रूस आहे. क्रूसाचे असे उसने घेणे एखाद्या श्रद्धावानाला भावेल. मला ते अस्वस्थ करते. हुतात्म्याला ख्रिस्ताचे रूप दिले की त्याच्याविषयी प्रश्न विचारणे पाप ठरते. कटवाल्यांपैकी अनेकांचे स्वतःचे गुलाम होते आणि गुलामगिरीचे काय करायचे, हा प्रश्न त्यांनी अनिर्णीत ठेवला होता. ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली ती १८८८ साली.

चौकातील जुन्या नगरसभा आणि तुरुंगाच्या इमारतीत १९४४ पासून इन्कॉन्फिदेन्सियाचे संग्रहालय आहे. आफ्रिकेतून १९३६ साली आणलेल्या अस्थी तेथे समाधीत ठेवल्या आहेत. या वास्तूविषयी एक वाङ्मयीन योगायोग सांगण्याजोगा आहे. ती बांधली जात असताना, सक्तीच्या मजुरीने तुरुंग उभारणाऱ्या गव्हर्नरावर टीका करणारी एक उपहासिका हस्तलिखितरूपाने व्हिला रिकात फिरत होती. तिचे कर्तृत्व गोन्झागाकडे दिले जाते. ज्या भिंतींवर त्याने कोरडे ओढले त्याच भिंतींच्या आत आज त्याच्या नावाची शिळा आहे. त्या भिंतींचे दगड वाहणाऱ्यांसाठी मात्र शिळा नाही.

हे सर्व ज्या एका साहित्यकृतीने वेगळ्या रीतीने जपले, तिच्याकडे आता वळतो. सेसिलिया मेइरेलिस ही विसाव्या शतकातील पोर्तुगीज भाषेची श्रेष्ठ कवयित्री. भारताशी तिचे नाते घनिष्ठ होते. १९५३ मध्ये गांधीविचारावरील परिसंवादासाठी ती येथे आली होती, आणि भारतात लिहिलेल्या कवितांचा तिचा स्वतंत्र संग्रहही आहे. त्याच १९५३ मध्ये तिचे ‘रोमान्सेइरो दा इन्कॉन्फिदेन्सिया’ प्रसिद्ध झाले. ओरु प्रेतुला ती प्रथम गेली होती पवित्र आठवड्याच्या विधींविषयी वृत्तपत्रासाठी लिहावयाला. गेली वार्ताहर म्हणून आणि परतली ती दहाएक वर्षे पुरेल एवढे ओझे घेऊन.

रोमान्स हा इबेरियन लोकगाथेचा जुना छंद. लहान ओळी, वाहती लय, तोंडी परंपरा. आपल्या पोवाड्याशी त्याचे नाते सांगता येईल. परंतु पोवाड्याचा वीररस येथे नाही, येथे शोक आहे. फादर स्टीफन्स यांनी १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’साठी जशी लोकांच्या कानांत मुरलेली ओवी निवडली, तशीच सेसिलियाने ही लोकगाथा निवडली, आणि ती निवडच या काव्याचे निम्मे यश आहे. ८५ रोमान्स आहेत. आरंभ होतो तो उठावापासून नव्हे, सोने सापडण्यापासून. लोभ कसा जन्मला, नाती कशी कुजली, मग फितुरी, कुजबुज, तुरुंग, फाशी, वनवास. लष्करी अधिकारी म्हणून तिरादेंतिस येतो तो पाव भाग उलटल्यावर. याचा अर्थ असा की कवयित्रीच्या लेखी या शोकांतिकेचा नायक कोणी माणूस नाही. सोने हेच मूळ पात्र आहे. जे संग्रहालयाला साधले नाही ते कवितेच्या नुसत्या अनुक्रमाने साधले.

सातव्या रोमान्समध्ये खाणीवरील काळा मजूर आहे, आठव्यात चिकु रेई. आणि जवळजवळ शेवटी, कटवाल्यांचे सारे हिशेब चुकते झाल्यावर, त्यांना वाहून नेणाऱ्या घोड्यांवर एक संपूर्ण रोमान्स आहे. मला हा भाग सर्वांत थोर वाटतो. ज्यांनी ओझे वाहिले, ज्यांना काहीच ठाऊक नव्हते आणि ज्यांची नोंद कोठेही नाही, त्यांच्याविषयी एवढी करुणा. पण तेथेच एक तक्रारही उरते. घोड्यांना जी अखेरची जागा मिळाली ती माणसांना का मिळू नये? मजुराचे गाणे सुरुवातीला ऐकू येते आणि मग कवी, प्रेयसी, राणी यांच्या गर्दीत ते विरते. शेवटी संबोधन केले जाते ते मृत कटवाल्यांना. खोलीत उतरलेल्या, दरडीखाली गाडल्या गेलेल्या अनाम मृतांना नाही. श्रेष्ठ कवयित्रीही तिच्या काळाने आखलेल्या स्मारकाच्या कुंपणाबाहेर पुरती पडू शकली नाही, असे नाइलाजाने म्हणावे लागते.

चिकु रेईची गोष्ट अशी. काँगोचा एक राजा कुटुंबासह गुलाम होऊन व्हिला रिकात आला. कष्टांतून त्याने मुलाची, स्वतःची, मग आपल्या लोकांची सुटका विकत घेतली. मालकाची पडीक खाणही विकत घेतली आणि संत एफिजेनियाचे देवालय उभे केले. केसांत लपवून आणलेले सोन्याचे कण काळ्या स्त्रिया देवालयातील पात्रात धुऊन ठेवीत आणि त्यावर देवालय चढत गेले, असेही सांगतात. या राजाचा समकालीन लेखी पुरावा सापडत नाही. कथेला ग्रांथिक प्रतिष्ठा मिळाली ती १९०४ मध्ये, दियोगु द व्हास्कोन्सेलुस या इतिहासकाराने तिला आपल्या ग्रंथाच्या एका तळटिपेत जागा दिली तेव्हा. म्हणून काही अभ्यासक ती सरळ बाजूस सारतात आणि पर्यटकांचे वाटाडे ती सरळ इतिहास म्हणून सांगतात. दोन्ही मार्ग आळशी आहेत. राजा खरा नसेल. पण संत एफिजेनियाचे देवालय खरे आहे, ते बांधणारा काळ्यांचा बंधुसंघ खरा आहे, टेकडीच्या माथ्यावर अनेक दशके चाललेले बांधकाम खरे आहे. ज्यांच्या वह्यांत व्यक्तीचे कर्तृत्व लिहिण्याची सोय नव्हती त्यांनी समूहाचे कर्तृत्व एका राजाच्या नावे जमा केले असेल, तर आख्यायिकेचा हा व्यवहार समीक्षकाला समजावयास हवा. दर जानेवारीत त्या देवालयापाशी ढोल वाजवीत काँगादचे मेळे जमतात, राजा-राणीला मुकुट चढतात, रोझरी मातेची गाणी होतात. ललित कलांच्या वहीत हे नव्हते. २००० साली अमूर्त वारशासाठी वेगळा कायदा झाला आणि २००९ मध्ये मिनासच्या घंटानादाची राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद झाली, तेव्हा कोठे मारिओ द आंद्रादे यांचा १९३६ चा आराखडा अंशतः खरा झाला. घंटा वाजविणाऱ्या मुलांची बोली, कोणत्या मृत्यूला किती ठोके, हे आता वारसा आहे. घंटा आधीपासून होती.

डोंगराचे काय झाले, हे सांगितल्याविना हा विषय पुरा होत नाही. ओरु प्रेतुच्या वर केइमादा, म्हणजे जळका डोंगर, आहे. १७२० मध्ये कराविरुद्ध बंड झाले तेव्हा गव्हर्नर आसुमार याने तेथील खाणवस्ती जाळून टाकली. पडक्या भिंती, विहिरी, भुयारांची तोंडे तेथे राहिली, आणि विसाव्या शतकात त्यांच्याच दगडांवर गरिबांची घरे चढली. खाली दर्शनी भाग सजत असताना वर त्याच नगराचा पाया निनावी पडून होता. त्याला पुरातत्त्वीय उद्यान म्हणून संरक्षण मिळाले ते एकविसाव्या शतकात.

१३ जानेवारी २०२२ रोजी अतिवृष्टीनंतर फाशीची टेकडी म्हणून ओळखला जाणारा डोंगर खचला आणि त्याच्या पायथ्याचा एकोणिसाव्या शतकातील एक देखणा वाडा क्षणात मातीखाली गेला. परिसर आधीच रिकामा केला होता, म्हणून जीवितहानी झाली नाही. तो वाडा संरक्षित होता. ज्या उतारावर त्याचे अस्तित्व अवलंबून होते त्याच्याकडे मात्र पुरेसे लक्ष गेले नव्हते.

त्याआधी, ५ नोव्हेंबर २०१५ रोजी, शेजारच्या मारियाना नगराच्या हद्दीत लोहखनिजाच्या गाळाचे फुंदाव धरण फुटले. ४ कोटी घनमीटरहून अधिक गाळ खाली धावला, १९ माणसे मेली आणि दोसे नदी समुद्रापर्यंत तांबडी झाली. वाटेत पहिले आले ते बेंतु रोद्रिगिस, अठराव्या शतकातील सोन्याच्या धुंदीत वसलेले खेडे. गावाचा आश्रयदाता संत बेनेडिक्ट याचे जुने देवालय वाहून गेले, जोते उरले. मूर्तींचे आणि वेदीचे तुकडे नंतर चिखलातून वेचून काढण्यात आले. सोन्याने जन्मलेले गाव लोखंडाने पुसले. हे गाव कोणत्याही जागतिक यादीत नव्हते. चित्रसंग्रहात त्याचे पान नव्हते. गावकऱ्यांसाठी दूर नवी वसाहत बांधली गेली आणि २०२३ पासून ते तेथे राहावयास जाऊ लागले. उंचवट्यावरचे दयामातेचे छोटे देवालय मात्र पुराच्या पातळीच्या वर होते म्हणून बचावले. सणाच्या दिवशी माणसे नव्या घरांतून निघून त्या मोडक्या गावात येतात, भिंतींवरील गाळाच्या रेषेखालून चालत वर चढतात आणि तेथे मिस्सा होते.